फ्रीजमधलं इंजेक्शन: बायोलॉजिक औषध म्हणजे नेमकं काय?

कणकवलीच्या अलीकडे हायवे सोडून थोडं आत आलात की आमचं मेडिकल लागतं. दुकानातल्या फ्रीजमध्ये इन्सुलिन, कुत्रा चावल्यावरची लस, आणि मधल्या कप्प्यात तीन-चार लांबोडके खोके. दहा-बारा वर्षांपूर्वी असा खोका वर्षातून एखादा यायचा. आता दर महिन्याला नेणारी माणसं ठरलेली आहेत. एक शाळामास्तर, सोरायसिसने कोपरं-गुडघे भरलेली एक मासेविक्रेती, आणि देवगडकडचा एक तिशीतला आंबा बागायतदार, ज्याची कंबर सकाळी दोन-दोन तास लाकूड व्हायची.

खोका हातात घेताना बहुतेक जण आवाज खाली आणतात. “ह्यां क्यान्सराचां इंजेक्शन मां?”

नाही. पण असं वाटायला कारणं आहेत. सोबतच्या कागदावर ‘ट्यूमर’ हा शब्द छापलेला असतो. जोडीला मेथोट्रेक्झेट नावाची गोळी असते, जी मोठ्या मात्रेत खरोखरच रक्ताच्या कर्करोगात देतात. आणि या जातीची काही औषधं सलाइनमधून द्यावी लागतात तेव्हा शेजारच्या खाटेवर बऱ्याचदा केमोथेरपी चालू असते. माणूस दोन अधिक दोन चार करणारच. काउंटरवर हे सगळं सांगून होत नाही, मागे रांग असते. म्हणून इथे सविस्तर.

कुंपण शेत खायला लागतं तेव्हा

शरीरात जंतूंशी लढणारी एक राखण असते. ही राखण घरच्यांवरच उलटली की त्याला ऑटोइम्यून आजार म्हणतात. कुठे उलटली त्यावरून नाव ठरतं. हातापायांच्या लहान सांध्यांवर उलटली तर आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, माकडहाडाजवळच्या सांध्यांवर आणि मणक्यावर उलटली तर अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, कातडीवर सोरायसिस, आतड्यावर क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस.

राखणीतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. रात्री वाडीत कोणी ‘चोर, चोर’ ओरडलं की सगळे काठ्या घेऊन बाहेर पडतात, तसं. त्यातली एक मोठी हाक म्हणजे टीएनएफ, ट्यूमर नेक्रॉसिस फॅक्टर. हा पदार्थ उंदरांमधल्या गाठी मारतो असं १९७५ साली दिसलं, म्हणून हे नाव पडलं. कागदावरचा ‘ट्यूमर’ तो हा. चोर खरंच आला असेल तर ही हाक हवीच. या आजारांत चोर नसतो आणि हाक मात्र रात्रंदिवस चालू राहते. जमलेली माणसं शेवटी आपल्याच घराची कौलं फोडतात. सांधा सुजतो, गरम होतो, आतलं हाड खाल्लं जातं.

बायोलॉजिक म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेलं प्रथिनाचं औषध. या आजारांत ते अशी एखादी ठरावीक हाक गाठून तिचं तोंड दाबतं. एवढंच त्याचं काम.

बागायतदाराची चार वर्षं ‘मणक्यात गॅप’ म्हणून पट्टा लावण्यात गेली. खूण समोर होती, कोणी विचारली नव्हती: रात्रीच्या झोपेनंतर कंबर आखडायची आणि बागेत तासभर फिरलं की सुटायची. झिजलेल्या मणक्याचं बहुधा उलटं असतं, कामाने दुखतं आणि पडल्यावर बरं वाटतं. चाळिशीच्या आतला माणूस, तीन महिन्यांहून जुनं दुखणं, पहाटे जागं करणारी कंबर, असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवावं. आपल्याकडे त्यासाठी कोल्हापूर, गोवा नाहीतर मुंबई गाठावी लागते, आणि तिथेच निम्मी माणसं गळतात.

गोळी का नाही?

कारण हे प्रथिन आहे, आणि बांगडाही प्रथिनच आहे. पोटात गेल्यावर बांगड्याचं जे होतं तेच या औषधाचं होईल. काही हजारांचं कालवण होईल, दुसरं काही नाही. शिवाय आकार. अ‍ॅस्पिरिनच्या एका रेणूत फक्त २१ अणू असतात. अ‍ॅडॅलिम्युमॅब हे या गटातलं आपल्याकडे बरंच चालणारं औषध. त्याच्या एका रेणूचं वजन अ‍ॅस्पिरिनच्या आठशे पटींहून जास्त भरतं. होडकं आणि मालवाहू जहाज. एवढं धूड आतड्याच्या भिंतीतून सबंध पलीकडे जात नाही. इन्सुलिन टोचतात तेही असल्याच कारणाने, आणि इन्सुलिनला आता कोणी घाबरत नाही.

मग स्टिरॉइड काय वाईट होतं?

स्टिरॉइड म्हणजे रापण. सगळी वाडी मिळून ओढते आणि जाळ्यात येईल ते किनाऱ्यावर येतं: सुरमई, पेडवे, खेकडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या. सूज झटकन उतरते, पण महिनोन्‌महिने घेतलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. बायोलॉजिक म्हणजे ठरावीक आसाचं, म्हणजे ठरावीक मापाच्या भोकांचं जाळं. सुरमईच्या जाळ्यातून पेडवे निसटून जातात, तशी बाकीची राखण बरीचशी जागेवर राहते. कुठलं जाळं टाकायचं ते आजारावर ठरतं. टीएनएफ धरणारी औषधं आहेत. आयएल-१७ नावाची हाक धरणारं सेक्युकिन्युमॅब आहे, ते सोरायसिस आणि मणक्याच्या आजारात चालतं. आयएल-६ ची हाक पेशींना ऐकूच येऊ न देणारं टोसिलिझुमॅब आमवातात.

थोड्या काळासाठी, डॉक्टरच्या देखरेखीत स्टिरॉइड चांगलं औषध आहे, त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. माझा राग आहे तो बिनलेबलच्या पुड्यांवर आणि चिठ्ठीशिवाय मागितल्या जाणाऱ्या दुखण्याच्या गोळ्यांवर. जी माणसं सुईच्या नावाने दचकतात तीच वर्षानुवर्षं रोज दोन गोळ्या गिळून मूत्रपिंड खराब करून आणि जठराला भोक पाडून घेतात, कारण गोळी दिसायला लहान असते. घाबरायला हरकत नाही, फक्त भीती चुकीच्या जागी आहे. ती कुठे असायला हवी ते पुढे येतंच आहे.

“आमच्यावर प्रयोग चालू आहे का?”

आमवातात टीएनएफ दाबून पाहण्याचा पहिला प्रयत्न लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात १९९२ साली झाला. मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी ही जोडी. मैनींचा जन्म लुधियान्याचा. २००३ मध्ये दोघांना लास्कर हा वैद्यकातला मानाचा पुरस्कार मिळाला. अ‍ॅडॅलिम्युमॅबला अमेरिकेत २००२ च्या अगदी शेवटच्या दिवशी मान्यता मिळाली, आणि ज्या तंत्राने ते घडवलं त्या कामासाठी ग्रेगरी विंटर हे २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले. वीस वर्षांहून जास्त काळ जगभर लाखो लोकांनी घेतलेलं औषध आहे. प्रयोग कधीच संपला.

गडगा आणि निजलेला टीबी

हा भाग घाईने वाचू नका.

आपल्याकडे कंपाउंड म्हणजे गडगा. दगडावर दगड, मध्ये सिमेंट नाही. दर पावसात कुठेतरी ढासळतो, दर पावसानंतर बसवावा लागतो. टीबीचा जंतू शरीरात शिरला तरी बहुतेकांना आजार होत नाही, कारण शरीर त्याच्याभोवती पेशींचा असाच गडगा रचतं. आत जंतू मरत नाही, निजतो. माणसाला पत्ताही नसतो. हा गडगा वर्षानुवर्षं डागडुजी करून उभा ठेवणाऱ्या पेशींना कामावर बोलावते कोण? तीच आपली टीएनएफची हाक. ती दाबली की गवंडी येईनासे होतात, आणि एखाद्या दिवशी गडगा ढासळतो.

जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. त्यामुळे हा परदेशी पुस्तकातला इशारा म्हणून सोडून देता येत नाही. सुरुवातीआधी छातीचा एक्सरे आणि हातावर टोचून बघायची मँटू किंवा रक्ताची इग्रा चाचणी होते. “माका खोकलो नाय, एक्सरे कित्याक?” खोकला नाही म्हणूनच. जागा झालेला टीबी खोकल्याने कळेल, निजलेला चाचणीशिवाय कळणार नाही. आधीपासून स्टिरॉइड चालू असेल तर मँटू खोटी चांगली येऊ शकते, तेव्हा ते डॉक्टरना सांगा. आणि घरात कोणाला टीबी होऊन गेला असेल तर तेही. सोयरिकीच्या वेळी लपवतात ते इथे लपवू नये.

निजलेला टीबी सापडला म्हणून दार बंद होत नाही. आधी त्याचं प्रतिबंधक औषध सुरू करतात, साधारण महिनाभर जाऊ देतात, मग सुई. आणि प्रतिबंधक औषधाचा कोर्स पुढे पूर्ण करायचाच. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. सुई चालू झाल्यावरही संध्याकाळचा बारीक ताप, उतरत जाणारं वजन, मानेतली गाठ, न जाणारा खोकला यांपैकी काहीही दिसलं तर लगेच जायचं. या औषधांवर होणारा टीबी फुप्फुसाबाहेरही बऱ्याचदा डोकं काढतो, म्हणून फक्त खोकल्याची वाट बघून चालत नाही.

कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीच्या चाचण्याही याच वेळी उरकतात. हृदय बरंच कमजोर असेल तर टीएनएफ दाबणारी औषधं टाळतात.

लावणीच्या दिवसांतला ताप

पावसात आपल्याकडे ताप म्हणजे नुसता ताप नसतो. उंदराच्या मुतातून चिखलात येणारा लेप्टो आहे, डेंग्यू आहे, आणि सावंतवाडी-दोडामार्गच्या जंगलपट्ट्यात २०१६ पासून गोचीड चावून होणारा माकडतापही आहे. बायोलॉजिक चालू असलेल्या माणसाने ‘दोन दिवस पॅरासिटामॉल घेऊन बघूया’ हा खेळ खेळू नये. त्याच दिवशी दवाखाना, आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य: मी अमुक इंजेक्शन घेतो. ताप असताना किंवा अँटिबायोटिक चालू असताना पुढची सुई डॉक्टरना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. टोसिलिझुमॅबसारखं औषध तर तापच चढू देत नाही, रक्तातली सूज दाखवणारी चाचणीही चांगली येते आणि जंतू आत आपलं काम करत बसतो. तिथे नुसता गळाठा आला तरी तो ताप समजायचा.

लावणी बंद करा असं कोण सांगणार? पण गमबूट घाला, पायाला चीर असेल त्या दिवशी चिखलात उतरू नका, आणि आरोग्य केंद्रातून लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्या वाटत असतील तर आपल्याला चालतील का ते विचारा. लसींचंही असंच. फ्लू आणि न्यूमोनियाच्या बहुतेक लसी चालतात, शक्यतो सुरुवातीआधी घेतलेल्या बऱ्या. जिवंत जंतूंच्या लसी चालू उपचारात टाळतात.

बर्फात गाडलेला खोका

गणपतीत एक चाकरमानी रात्रीच्या गाडीने उतरला तो थेट दुकानात. हातात थर्माकोलचा मासळीचा डबा. झाकण उघडलं तर बर्फाच्या चुऱ्यात औषध भरलेली इंजेक्शनची दोन पेनं उभी गाडलेली, खोका मुंबईतच काढून फेकलेला. “बर्फात घालून हाडलंय, एकदम ताजां आसा.” काचेतून मी बघितलं, एकाच्या आत अजून खडे होते. दोन्ही गेली. त्याचा चेहरा मला आजही आठवतो, कारण किंमत आम्हा दोघांनाही ठाऊक होती.

मासळीचा नियम इथे लागू होत नाही. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठवायचं नाही. प्रथिन म्हणजे घडी घातलेला धागा. गोठला की घडी मोडते आणि वितळल्यावर ती परत बसेलच असं नाही. वाईट म्हणजे द्रव दिसायला तसाच नितळ राहू शकतो. म्हणून गोठलेलं पेन वितळवून वापरायचं नाही. फ्रीजमध्ये मधला कप्पा, दारात नको, बर्फाच्या खणाला टेकून नको, आणि मूळ खोक्यातच, कारण उजेडही बाधतो. प्रवासात गारेगार जेलच्या पिशव्या चालतात, पण पिशवी आणि खोक्याच्या मध्ये जाड टॉवेल हवा.

आता दुसरी गोची. अ‍ॅडॅलिम्युमॅबच्या मूळ औषधाच्या माहितीपत्रात लिहिलंय की फ्रीजबाहेर २५ अंशांपर्यंत १४ दिवस चालतं. ते वाचून माणसं निर्धास्त होतात. मे महिन्यात आपल्या माजघरात २५ अंश असतात का? पत्रातली ‘खोली’ आपली नव्हे. प्रत्येक कंपनीच्या औषधाची सवलतही वेगळी असते, तेव्हा आपल्या खोक्यातला कागद वाचायचा. जून २०२० चं निसर्ग, मे २०२१ चं तौक्ते; दोन्ही वेळा कित्येक वाड्यांत दिवसेंदिवस वीज नव्हती. घाटावरची माणसं ओल्या मडक्याची युक्ती सांगतात. तिथली हवा कोरडी, पाणी उडतं, मडकं गार होतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच ओलीचिंब, मडकं काय गार होणार? आणि झालं तरी आठ अंशांवर येणार नाही. मी गिऱ्हाइकांना मे ते सप्टेंबर एकावेळी एकच पेन देतो, बाकीची दुकानात इन्व्हर्टरच्या फ्रीजमध्ये. फेऱ्या वाढतात, कुरकुर होते, पण औषध वाचतं.

टोचायच्या आधी पंधरा ते तीस मिनिटं बाहेर काढून ठेवा, गार औषध जास्त झोंबतं. उन्हात किंवा गरम पाण्यात धरून घाई करू नका. मांडी किंवा पोट, बेंबीपासून चार बोटं दूर, दर वेळी जागा बदलून. पेन कातडीवर सरळ दाबलं की ‘टिक’ होतं. मनात पंधरापर्यंत मोजायचं, उचलायचं, चोळायचं नाही. मासेविक्रेती बाई पहिल्या दिवशी डोळे मिटून बसली होती. आता म्हणते, शिंगाळ्याचा काटा याच्यापेक्षा वाईट. टोचल्या जागी लाली, खाज हा सगळ्यांत जास्त दिसणारा त्रास, तो दोन-चार दिवसांत जातो. रिकामं पेन माडाच्या आळ्यात टाकू नका. जाड प्लॅस्टिकच्या बरणीत साठवून दवाखान्यात द्या.

स्वस्तातलं म्हणजे डुप्लिकेट?

साधी गोळी दुसऱ्या कंपनीने बनवली तर रेणू तंतोतंत तोच असतो, साच्यातल्या बिस्किटासारखा. बायोलॉजिक पेशींकडून पिकवून घ्यावं लागतं. बरीचशी औषधं चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत वाढतात. त्यामुळे ते हापूससारखं आहे. कलम हापूसचंच, पण देवगडच्या कातळावरचं फळ आणि रत्नागिरीचं फळ यांत उन्नीस-बीस असतंच. एकाच झाडाची दोन फळंही सारखी नसतात. मूळ कंपनीच्या दोन घाण्यांतही असा बारीक फरक असतो. फरक ठरलेल्या मर्यादेत आहे आणि गुण तोच येतो हे दाखवल्यावर अशा दुसऱ्या औषधाला बायोसिमिलर म्हणून परवानगी मिळते. अ‍ॅडॅलिम्युमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर डिसेंबर २०१४ मध्ये भारतातच, अहमदाबादच्या झायडसने आणलं, अमेरिकेतल्या मूळ औषधाच्या साधारण एक पंचमांश किमतीत. माझ्या फ्रीजमध्ये खोके वाढले ते त्यानंतर.

स्वस्त म्हणजे तरीही एका सुईला काही हजार. बऱ्याच विमा पॉलिसी माणूस भरती झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, त्यामुळे सुरू करण्याआधी विचारून घ्या. मध्येच पैसे संपले म्हणून सोडणं आणि दिवाळीनंतर पुन्हा धरणं हे सगळ्यांत वाईट. खंड पडला की शरीर औषधालाच परका समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागतं, आणि मग पुन्हा सुरू केल्यावर तेवढा गुण येत नाही. आमवातात सोबत मेथोट्रेक्झेट देतात त्याचं एक कारण हेच, ते ही प्रतिपिंडं कमी ठेवतं. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. पाकिटावर मी वार मोठ्या अक्षरात लिहून देतो.

कॅन्सर होतो की नाही ते सांगा आधी

टीएनएफ दाबणाऱ्या औषधांच्या कागदावर लिंफोमा या कर्करोगाचा इशारा ठळक चौकटीत असतो. तो वाचून घाबरणं साहजिक आहे. पण जोरात असलेला आमवात स्वतःच लिंफोमाची शक्यता वाढवतो, औषध घ्या किंवा न घ्या. तो हिशेब वजा केल्यावर मोठ्या माणसांत औषधामुळे स्पष्ट वाढ झाल्याचं दिसलेलं नाही. कातडीच्या काही कर्करोगांत थोडी वाढ दिसते. आधी कर्करोग होऊन गेलेला असेल तर मात्र निर्णय वेगळा, तो तज्ज्ञाने घ्यायचा.

सवय लागत नाही. आजार मुळातून जात नाही म्हणून औषध लांबत जातं. बरीच वर्षं शांत राहिलेल्यांत डॉक्टर कधी दोन सुयांमधलं अंतर वाढवून बघतात. मूल हवं असेल तर आधीच बोला. मेथोट्रेक्झेट गरोदरपणाच्या कित्येक आठवडे आधी बंद करावं लागतं, काही बायोलॉजिक चालू ठेवता येतात. आणि शेवटच्या महिन्यांत अशी सुई चालू असेल तर बाळाला जन्मल्या-जन्मल्या दिली जाणारी बीसीजी, म्हणजे टीबीची जिवंत जंतूंची लस, पुढे ढकलतात. बाळंतपण गावी होणार असेल तर हे तिथल्या नर्सबाईंना सांगायलाच हवं.

शेजारणीला गुण आला म्हणून आजीच्या झिजलेल्या गुडघ्यासाठी हे मागायला येऊ नका. तिथे हाक नाही, झीज आहे. चिकनगुनियानंतर दुखणाऱ्या सांध्यांनाही लगेच हे कोणी देत नाही.

चौदा दिवस आणि पंधरवडा

अ‍ॅडॅलिम्युमॅब अंगात अर्धं व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून आमवातात आणि मणक्याच्या आजारात ४० मिलिग्रॅमची सुई दर चौदा दिवसांनी. दुसऱ्या औषधांचं वेळापत्रक वेगळं. गुण यायला काही आठवडे लागतात. तीन महिन्यांनी हिशेब मांडतात, पहिल्या सुईनंतर नाही.

बागायतदाराने सोपी युक्ती काढली होती. एक सुई अमावास्येला, एक पौर्णिमेला. उधाणाची भरती आली की सुई. वर्षभराने मी त्याची बिलं लावली तर २६ च्या जागी २५ सुया. चंद्राचा पंधरवडा चौदा दिवसांपेक्षा पाऊण दिवसाने मोठा, त्यात एक सुई समुद्रात गेली होती. मी म्हटलं, एकाआड एक गुरुवार धर. तर म्हणे, “गुरवार नको, उपास असता.” सुईने उपास मोडत नाही हे पटवायला दहा मिनिटं गेली, पटलं नाही. मग आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि एकाआड एक बुधवारी लाल पेनाने गोल करत गेलो. सव्विसावा गोल डिसेंबरात पडला.